पेट्रोल सेडान घेऊ की इलेक्ट्रिक? (३३०एलआय, आय४ आणि आईचे गुडघे)

वाकडी_वाट | सोम, २१:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

राहतो वाकडला. चाकण एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, प्रेस शॉप म्हणा. जाऊन-येऊन साठ किमी, आठवड्यातून सहा दिवस, गुरुवारी सुट्टी. शिवाय महिन्यातून एकदा कोल्हापूर (सासुरवाडी आणि एक मोठं गिऱ्हाईक, दोन्ही तिथेच), कधी मुंबई. सगळं धरून वर्षाला चोवीस हजार किमी होतात. सध्याची गाडी बारा वर्षांची डिझेल सेडान. तिने जीव तोडून साथ दिली, पण आता दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतं.

गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची आहे. दोन पर्याय डोक्यात आहेत:

एक, बीएमडब्ल्यू ३३०एलआय, म्हणजे लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) पेट्रोल. कोटेशन साठ लाखांच्या आसपास, एक्स-शोरूम.

दोन, त्याच घरची आय४ ईड्राइव्ह४०, संपूर्ण इलेक्ट्रिक. सत्तरीच्या पुढे.

बायकोचं मत इलेक्ट्रिक. मुलगा बारावीत आहे, त्याला आवाज हवा, म्हणजे पेट्रोल. आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, ती म्हणते मला फक्त नीट बसता आलं पाहिजे. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी चार्जरचं नाव काढताच असा चेहरा केला, जणू मी पार्किंगमध्ये म्हैस बांधायची परवानगी मागितली.

पाडव्यापर्यंत ठरवायचंय. अनुभवी लोकांनी बोलावं. एसयूव्ही सुचवू नका, घरात एक आहे.

---

घाटवेडा | सोम, २२:०५

३३०एलआय. धागा बंद करा.

---

धूरविरहित | सोम, २२:११

ज्याला रोज साठ किमी जायचंय त्याने आजच्या काळात ६० लाख घालून पेट्रोल गाडी घेणं म्हणजे टाइपरायटरला सोन्याचा मुलामा देणं. आय४.

---

काथ्याकूट | सोम, २२:३०

अवांतर: ‘सेडान’ म्हणजे मुळात माणसांनी दांड्यांना धरून वाहायची बंद खुर्ची. सतराव्या शतकात लंडनमध्ये भाड्याने मिळायची. आपल्याकडचा मेणाच. तेव्हा प्रश्न खरं तर असा आहे: मेण्याचे भोई पेट्रोल पितात की वीज?

---

घाटवेडा | सोम, २२:४८

काथ्याकूट काका, झोपा आता. :)

मघाशी एका ओळीत उत्तर दिलं, आता नीट लिहितो. दोन्ही चालवल्यात (माझ्या नाहीत, मित्रांच्या). ३३०एलआयमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, २५८ अश्वशक्ती, शंभरचा वेग ६.२ सेकंदांत. आय४ची ताकद ३४० आणि वेळ ५.७. कागदावर आय४ जिंकते, वाकड-चाकण रस्त्यावरही तीच जिंकेल, कारण सिग्नल सुटल्यावर तिच्यासमोर कोणी टिकत नाही. पण ताम्हिणीत पहाटे सहाला, जुलैमध्ये, खिडकी अर्धी उघडून दुसऱ्या गिअरमध्ये वळण सोडताना जे होतं ते आकड्यात येत नाही. आय४ दोन टनांच्या वर जाते. वळणात ती चिकटून राहते, खोटं कशाला बोलू, पण वजन आहे हे पाठीला कळतं. पेट्रोलवाली चारेकशे किलोने हलकी आहे आणि तेही कळतं.

आय४ला कृत्रिम आवाज दिलाय, हान्स झिमरकडून करून घेतलाय म्हणे. ज्या गाडीला आवाजासाठी संगीतकार लागतो तिच्याबद्दल मी काय बोलू.

---

ठाण्याची_पाहुणी | मंगळ, ०७:५५

माझ्याकडे आय४ आहे, अडीच वर्षं झाली, ४१,००० किमी. म्हणून लिहिते. वरचे दोघे दुसऱ्याच्या गाडीवर भांडताहेत.

बॅटरीत प्रत्यक्ष वापरता येतात ८०.७ युनिट. जाहिरातीतला आकडा ५९० किमी, तो युरोपच्या चाचणीतला. मला ठाण्यात, एसी कायम चालू, साडेपाच ते सहा किमी मिळतात एका युनिटला. द्रुतगती मार्गावर शंभरने गेलं की साडेपाच. म्हणजे पूर्ण चार्जवर साडेचारशे धरा आणि त्यातले शेवटचे पन्नास वापरायचे नाहीत असं स्वतःला बजावा. वेग वाढवला की आकडा झरझर उतरतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलो होतो ते आता खिशाला समजलं.

चांगलं काय? सकाळी गाडी भरलेली असते. पेट्रोल पंप कसा दिसतो ते विसरले, हवा भरायला जाते तेवढीच. ट्रॅफिकमध्ये एका पेडलवर चालते, पायाचा घोटा दुखायचा थांबला. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

वाईट काय? तिसरं कोणी मागे बसलं की भांडण. बॅटरी फरशीखाली आहे, त्यामुळे मागची फरशी उंच आणि गुडघे वर येतात. मांडीला आधार मिळत नाही. ही गाडी मुळात पेट्रोलच्या ४ सिरीजच्या सांगाड्यावर बेतलेली आहे, कोऱ्या कागदावर इलेक्ट्रिक म्हणून काढलेली नाही, आणि ते मागच्या सीटवर जाणवतं. जमिनीपासून उंची १२५ मिमी. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर मी तिरकी गाडी घालून ओलांडते, वॉचमन रोज बघून हसतो.

वाकडी_वाट, आईंना मागे बसवून आणा एकदा. शोरूममध्ये नव्हे, अर्धा तास रस्त्यावर.

---

हिशोबनीस | मंगळ, १०:२०

गाडी कंपनीच्या नावावर म्हणालात ना, मग आवाज आणि वळणं बाजूला ठेवा, कागद काढा. (पेशाने सीए आहे. हा सल्ला मोफत आहे म्हणून तुमच्या सीएला विचारायचं सोडू नका.)

रोड टॅक्स: महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. कंपनीच्या नावावर २० टक्के. ६० लाख धरले तर १२ लाख रुपये नुसते आरटीओला. इलेक्ट्रिकला शून्य. २०२५च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, मुख्यमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात तो मागे घेतला. तेव्हा तुमचा ‘साठ विरुद्ध सत्तरीपार’ हा फरक रस्त्यावर येईपर्यंत जवळजवळ विरघळतो.

जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांना सरसकट ४० टक्के. आधी २८ अधिक २० उपकर, म्हणजे ४८ होते, त्यामुळे पेट्रोलवाली स्वस्त झाली खरी. इलेक्ट्रिकला ५ होते, ५च आहेत. इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) दोन्हींवर मिळत नाही, कोणी ‘मिळवून देतो’ म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा.

घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्चात दाखवता येतो तो: इथे खरी गंमत. साध्या गाडीला १५ टक्के, विजेवर चालणाऱ्या वाहनाला ४०. सत्तर लाखांवर पहिल्या पूर्ण वर्षी २८ लाख खर्ची पडतात, साठ लाखांवर ९. एक बारकावा आहे. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर दर निम्मा. पाडवा यंदा मार्चमध्ये आहे. ३१ मार्चच्या आत गाडी वापरात आली तर या वर्षाचा निम्मा घसारा पदरात पडतो आणि १ एप्रिलपासून पुन्हा पूर्ण.

इंधन: तुमचे २४,००० किमी. पेट्रोलला शहर-हायवे मिळून ११ धरा, लिटरला १०४ रुपये धरा, वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर. विजेला सहा किमी युनिट, वर दहा टक्के चार्जिंगमधली गळती, ४,४०० युनिट. अकरा रुपयांनी सुद्धा पन्नास हजारांच्या आत.

थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, पण ती रक्कम इतकी छोटी की पेढ्यांचा खर्च निघेल. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र इलेक्ट्रिकला महाग पडतो.

---

घाटवेडा | मंगळ, १०:४१

आणि पाच वर्षांनी विकताना? ते पण लिहा की हिशोबनीस. जुन्या बाजारात महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांना कोणी विचारत नाही.

---

हिशोबनीस | मंगळ, ११:०३

लिहितो. खरं आहे. नवीन मॉडेल जास्त रेंज घेऊन येतं आणि जुनं मोबाइलसारखं जुनं होतं. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी आहे, तिच्या आत विकलं तर गिऱ्हाईक मिळतं, पण भाव पेट्रोलपेक्षा वाईट. दहा लाख जास्त बुडतील असं धरून चला. वर सांगितलेले १२ लाख रोड टॅक्सचे मात्र पेट्रोलवर पहिल्याच दिवशी बुडतात, विकताना कोणी परत देत नाही. लोक हे विसरतात, कारण ते पैसे शोरूमच्या बिलात मिसळून जातात.

जुन्या बाजारात भाव पडतो तर जुनीच घ्या, हाही एक मार्ग. दोन वर्षं वापरलेली आय४ मिळाली तर दुसऱ्याने सोसलेला तोटा तुमचा फायदा. पण तुम्हाला पाडव्याला लिंबावरून नवीन चाक न्यायचंय, असं दिसतंय.

---

स्टिल्टमधला_माणूस | मंगळ, १३:१५

मी चार वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आता नाही, देवाची कृपा. तुमच्या सेक्रेटरीची बाजू मांडतो.

आम्हाला तीन भीती असतात. एक, आग. दोन, लोड: आज एकाने ७.४ किलोवॅटचा लावला, उद्या वीस जण मागतील, ट्रान्सफॉर्मर कोणाच्या बापाचा? तीन, आणि हीच खरी: सामायिक मीटरवरून कोणी गुपचूप वीज घेईल.

तिसरीचं उत्तर सोपं आहे. २०२४ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. महावितरणकडे अर्ज करा, स्वतःचा वेगळा मीटर घ्या. घरच्या मीटरवर जोडलं तर स्लॅब चढत जातो आणि घरातल्या फ्रिजची वीजही महाग होते, हा दुसरा तोटा.

दुसरीसाठी: चार्जर रात्री अकरानंतर लावायचं लेखी द्या. पहिलीसाठी कमिटीला उपदेश करू नका. इलेक्ट्रिशियनचा आराखडा द्या: कुठून केबल, किती जाडीची, कुठे एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), कुठे आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा), अर्थिंग कसं. कागद बघितला की लोकांची भीती अर्धी होते. ‘परदेशात सगळीकडे आहे’ हे वाक्य सभेत उच्चारू नका. मी उच्चारलं होतं.

---

ठाण्याची_पाहुणी | मंगळ, १३:४०

आमच्या सभेत एका काकांनी विचारलं होतं, पावसात चार्जिंगला लावली तर लिफ्टला शॉक बसेल का. चौदा महिने लागले मला परवानगीला. तोवर १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर भागवलं. तासाला तीन युनिट जातात, रात्रभरात दीडशे किमीची सोय होते. रोजच्या साठ किमीला तेही पुरेल, लक्षात घ्या. पूर्ण रिकामी भरायला दिवस उलटतो, पण रोज पूर्ण रिकामी कोण करतं?

---

ओस्लोतले_पोहे | मंगळ, १४:०२

स्टिल्टमधला_माणूस यांनी मनाई केली आहे तरी सांगतो, परदेशात सगळीकडे आहे. :) नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. इथे उणे पंधरामध्ये रेंज सरळ एक तृतीयांश जाते, तरी लोक घेतात, कारण पेट्रोल गाडीवर कर इतका लावलाय की मध्यमवर्गाला झेपत नाही. पर्यावरणप्रेम वगैरे नंतर सुचलं. म्हणजे हिशोबनीस म्हणतात तेच, वीस टक्के विरुद्ध शून्य.

तुमच्याकडे थंडी नाही हा केवढा फायदा आहे याची कल्पना नाही तुम्हाला.

---

संत्रानगरी | मंगळ, १५:३०

थंडी नाही म्हणता, पण ऊन आहे ना बाप्पा! मे महिन्यात नागपुरात ४५ असते. आमच्या घरी दुसऱ्या कंपनीची इलेक्ट्रिक आहे. समृद्धीवरून दुपारी आलो आन् लगेच फास्ट चार्जरला लावली, तर गाडीनं स्वतःच वेग अर्धा केला, बॅटरी गार होईपर्यंत. चाळीस मिनिटांचं काम सव्वा तासावर गेलं. आता आम्ही पहाटे निघतो. आन् समृद्धीवर १२० ला परवानगी आहे म्हणून १२० नं जाऊ नका इलेक्ट्रिकनं, शंभरनं जा, एक थांबा वाचते.

टोलचं कोणी लिहिलं नाही. २०२५च्या राज्य धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धी, अटल सेतू आन् मुंबई-पुणे द्रुतगती, तिन्हीवर टोलमाफी आहे. फास्टॅगचे मेसेज वाचत जा फक्त.

---

वाकडी_वाट | मंगळ, २२:२०

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

आज आईला घेऊन दोन्ही गाड्या बघून आलो, ठाण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे रस्त्यावर अर्धा-अर्धा तास.

३३०एलआयमध्ये मागे पाय पसरायला जागा म्हणजे दिवाणखाना. व्हीलबेस २,९६१ मिमी, आय४चा त्याहून दहा सेंटीमीटर कमी. आय४मध्ये आईचे गुडघे वर आले आणि ती पाच मिनिटांत अवघडली. झालं, म्हटलं, पेट्रोल ठरली.

पण उतरताना गंमत झाली. ३३०एलआयमधूनही तिला स्वतःहून उठता आलं नाही. दोन्ही गाड्या इतक्या बसक्या आहेत की दोन्हीकडे मी हात दिला. आई सेल्समनला म्हणाली, “गाडी छान आहे हो, पण विहिरीतून काढल्यासारखं वाटतं.” मग आय४मध्ये पुढच्या सीटवर बसवलं, सीट पूर्ण वर घेतली. तिथे पाय सरळ राहिले. म्हणे, मला इथेच बसव, मागे बसलं की काही दिसत नाही.

म्हणजे ज्या मागच्या सीटसाठी मी दोन महिने डोकं खाल्लं, तिथे आईला बसायचंच नाही. आता पुन्हा शून्यावर आलो. परत सोसायटी आडवी. सेक्रेटरी म्हणतात विषय वार्षिक सभेत घ्या. सभा सप्टेंबरला.

---

घाटवेडा | मंगळ, २२:३३

आईंना +१. पुढे बसणारी माणसं गाडीवर खरं प्रेम करतात.

---

सिंहगड_पायथा | बुध, ०८:१०

थोडी वेगळी बाजू. २५ जुलै २०२४, सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये माझी पेट्रोल गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर मी शहाण्याने स्टार्टचं बटण दाबलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्टचं कलम घेतलं नव्हतं, चार हजार वाचवले होते. इंजिनाचे पैसे खिशातून गेले.

बॅटरी सीलबंद असते असं म्हणतात, ते खरं असेलही. पण बुडालेली इलेक्ट्रिक गाडी विमावाले दुरुस्त करत बसतील की सरळ टोटल लॉस करतील हे पॉलिसीत आधी वाचा. पेट्रोल घ्या की वीज, पुण्यात पार्किंग नदीपासून किती वर आहे हे आधी बघा. वाकडची मुळा काही कमी नाही.

---

धूरविरहित | बुध, ०९:३७

पेट्रोलवाल्यांसाठी अजून एक. आता पंपावर मिळतं ते ई२०. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिश्रण म्हणजे ऊर्जा सहा-सात टक्के कमी, भाव तोच. हिशोबनीसांचा ११चा आकडा १०वर आणा.

शिवाय घाट उतरताना इलेक्ट्रिक बॅटरी भरत येते. पेट्रोलने हे करून दाखवावं.

---

काथ्याकूट | बुध, १०:१५

धूरविरहित, ‘भरत येते’ हा शब्द जपून वापरा. भौतिकशास्त्र काढू. माणसांसह २,३०० किलो, खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार पाचशे मीटर धरू. स्थितिज ऊर्जा होते तीन युनिट. घर्षण, हवा, मोटर यांतून परत मिळतात फार तर दोन. म्हणजे बारा किमी. येताना हेच तीन युनिट जास्तीचे मोजावे लागतात. तोटा नाही, पण लॉटरीही नाही.

खरा फायदा वेगळा आहे. उतारावर ब्रेक तापत नाहीत आणि पॅड वर्षानुवर्षं टिकतात. टायर मात्र वजनामुळे लवकर जातात. निसर्ग कुठून तरी वसूल करतोच.

---

तांबडा_पांढरा | बुध, ११:५०

भावा, कोल्हापूरचं कुणी बोलंना म्हणून मी बोलतो. वाकड ते कोल्हापूर जाऊन-येऊन पावणेपाचशे. तुमची साडेचारशे. पंचवीस किमी कमी पडत्यात, आणि हायवेचं सहा पदरीचं काम कुठं ना कुठं सुरूच असतंय, डायव्हर्जन धरा. म्हणजे एकदा चार्ज करायलाच लागणार. मग सासुरवाडीला सांगा, अंगणात १५ अँपिअरचं सॉकेट बसवा म्हणावं. जावयाला एवढं करत्यात की. जेवण, झोप, परत चहा, पाच तासात पंधरा युनिट. विषय संपला.

हायवेवरच्या चार्जरच्या भरवशावर राहू नका. ॲपमध्ये हिरवा दिसतोय आणि तिथं गेल्यावर बंद, असं माझ्या पाव्हण्याला दोनदा झालंय. कायम पुढचा चार्जर गाठता येईल एवढी शिल्लक ठेवायची.

---

मावळतीकडे | बुध, १२:३०

चाळीस-पंचेचाळीस लाखांत बीवायडी सील मिळते, तिची चर्चा का नाही? बॅटरी लोह-फॉस्फेटची, रोज १०० टक्के चार्ज केली तरी चालते. आय४ला रोज ८० टक्क्यांवर थांबवायचं असतं. वाचलेल्या तीस लाखांत कारखान्याला नवीन प्रेस येईल.

---

ठाण्याची_पाहुणी | बुध, १२:५२

सील मीही पाहिली होती. गाडी उत्तम आहे, पैशाला पैसा. मी नाही घेतली ती सर्व्हिस सेंटर किती लांब हे बघून. तुमच्या गावात जवळ असेल तर जरूर बघा. बाकी साठ लाखांची गाडी घेणारा माणूस पंचेचाळीसची ‘परवडते’ म्हणून घेत नाही हो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

---

स्टिल्टमधला_माणूस | बुध, १३:०८

वाकडी_वाट, एक प्रश्न विचारतो. आम्ही सगळे कालपासून तुमच्या सोसायटीवर तोंडसुख घेतोय म्हणून आत्ता सुचला.

तुमचा प्रेस शॉप आहे. तिथे थ्री-फेज वीज आहे. गाडी तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उभी असते.

घरी चार्जर कशाला हवाय?

---

हिशोबनीस | बुध, १३:११

😂😂😂

---

काथ्याकूट | बुध, १३:१४

काखेत कळसा.

---

धूरविरहित | बुध, १३:१५

मी तीस वेळा हा धागा उघडला आणि मला सुचलं नाही. राजीनामा देतो.

---

वाकडी_वाट | बुध, १४:४५

हसा. मी पण हसलो, ऑफिसात एकटाच.

खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. ‘होम चार्जर’ हा शब्द शोरूमवाल्याने इतक्या वेळा वापरला की चार्जर घरीच लावायचा असतो असं मनाने धरलं. आत्ता शेडमध्ये जाऊन पाहून आलो. वर ३० किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत, तीन वर्षांपूर्वी बसवले. प्रेस बंद असली की दुपारची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते. ११ किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर लावला तर रोजचे साठ किमी, म्हणजे दहा-अकरा युनिट, तासाभरात संपले. जेवणाच्या सुट्टीत.

अडचण एकच, गुरुवार. सुट्टीही गुरुवारी आणि महावितरणची देखभालही गुरुवारी. पण गुरुवारी मी चाकणला जातच नाही.

---

घाटवेडा | बुध, १५:०२

हरलो. म्हणजे तर्काने हरलो, मनाने नाही. उन्हात उभ्या पॅनलवर चालणाऱ्या गाडीसमोर इंजिनाची बाजू कशी मांडायची हे मला येत नाही. मुलाला एकदा माझ्याकडे पाठवा, ताम्हिणीत फिरवून आणतो, त्याचं दुःख कमी होईल.

---

हिशोबनीस | बुध, १५:२०

चार्जर कंपनीच्या ताळेबंदात वेगळी मालमत्ता म्हणून घ्या. आणि मंजूर भार तपासा, मोठी प्रेस आणि चार्जर एकदम चालले तर कमाल मागणी वाढून दंड बसेल. टायमर लावा. तुमच्या बिलात दिवसाच्या सौर तासांना सवलत असेल तर तेव्हाच लावा.

---

वाकडी_वाट | शनि, २०:३०

अपडेट. आय४ बुक केली. पाडव्याला मिळणार नाही, आयात गाडी आहे, हव्या त्या रंगाची अक्षय्य तृतीयेपर्यंत येईल म्हणतात. हिशोबनीस, निम्मा घसारा गेला, माफ करा. आईला तारीख सांगितली तर म्हणाली, तोवर जुन्या गाडीने मला पंढरपूरला नेऊन आण, ती उंच आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्या डिझेलचं कौतुक केलं.

मुलगा बोलत नाहीये. घाटवेडा, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोल्हापूरला सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले सॉकेट कशाला, मोठा चार्जरच बसवतो, मग तुम्ही दर आठवड्याला याल. बायको खूश आहे. मी विचारात आहे.

आता ठाण्याच्या ताईंना एक प्रश्न. शेडमध्ये मीटरचं पॅनल आत, डाव्या भिंतीवर आहे. गाडी नाक पुढे करून आत घातली तर चार्जिंगचं झाकण पॅनलच्या बाजूला येतं की पलीकडे? केबल किती लांब मिळते?

---

ठाण्याची_पाहुणी | शनि, २०:५८

पलीकडे. झाकण उजवीकडे, मागच्या चाकावर आहे. माझी केबल पाच मीटरची आहे, गाडीला वळसा घालून तुमच्या भिंतीपर्यंत पुरणार नाही, आणि पुरली तरी कामगार अडखळतील. गाडी रिव्हर्समध्ये आत घाला, उजवी बाजू आपोआप भिंतीकडे येईल.